मागची डावी सीट

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची, आणि गाडीसकट पोचले! हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण संगमनेरला दादाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की ही बया सातपुड्यात जाणार आणि पहिल्याच घाटात गाडी ढकलत बसणार. ढकलली नाही रे दादा. एकदा बंद पडली, ते वेगळं.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे चेहरे झाले होते. मला मात्र आतून बरंच वाटलं होतं. मोलगीच्या पुढे, घाटापलीकडच्या पाड्यावर आमचं उपकेंद्र. नर्स मी एकटीच. उपकेंद्राला चिकटून राहायची खोली, वर पत्रा, समोर मोहाचं झाड. पाण्याची टाकी आहे आणि टाकीत चक्क पाणीही आहे. अजून काय पाहिजे?

गाडी धानोऱ्याच्या उमाकांत सरांकडून घेतली. निवृत्त शिक्षक आहेत. पांढरी, पेट्रोलवरची, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली जुनी गाडी, पण सरांनी लेकीसारखी जपलेली. चावी देताना त्यांनी चोक कसा ओढायचा ते दोनदा दाखवलं आणि एक गोष्ट बजावली. घाटात बंद पडली तर पडू द्या, लगेच सेल्फ मारत बसू नका, उतरा, थांबा. मी मान डोलावली. म्हातारी माणसं आपल्या गाडीबद्दल असं काहीबाही सांगतच असतात.

इथल्या आशाताई म्हणजे कमलीबाई. वयाने मोठ्या, बोलायला मोजक्या. घरी त्यांची बोली, माझ्याशी अडखळत मराठी. त्यांची मुलगी रिना माहेरी आली आहे, आठवा लागलाय. जावई दिनेश गुजरातेत ऊसतोडीला. गेल्या वर्षी रिनाला कळा सुटल्या तेव्हा वाहन मिळायला उशीर झाला आणि बाळ वाटेतच गेलं. हे सांगताना कमलीबाई तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथेच शब्द दिला, या वेळी रिनाला माझ्या गाडीने शहाद्याला मी नेणार. कमलीबाईंनी गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हो म्हणाल्या.

७ मार्च, शुक्रवार

बाईसाहेबांचे सकाळचे नखरे पाठ झाले. थंड असेल तर चोक पूर्ण ओढायचा, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, सेल्फ मारायचा. जरा खोकली की चोक अर्धा आत. घाई करून पाय दाबला की पेट्रोल जास्त होतं, सगळीकडे वास सुटतो आणि मग ती रुसते ती रुसतेच. एवढं सांभाळलं की शहाण्यासारखी चालू होते. तक्रार सकाळची नाहीच. तक्रार घाटातली आहे.

आज मोलगीचा बाजार, लसही आणायची होती. घाटात खडक फोडून रस्ता काढलाय, तो संपतो तिथे रुंद जागा आहे, एक अंजनाचं झाड आहे. तिथे बंद. येताना पुन्हा तिथेच बंद. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देते, फटफट करते, हे मलाही कळतं. ही आचके देत नाही. पंख्याचं बटण बंद करावं तशी गपकन बंद होते.

माझा संशय बाटलीतल्या पेट्रोलवर. इथे पंप जवळ नाही, दुकानातून बाटलीने घ्यावं लागतं. त्यात काय काय मिसळत असतील देव जाणे. दुकानदाराला स्पष्ट विचारलं. त्याने हसून दुसरी बाटली दिली. हसला म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी.

११ मार्च, मंगळवार

शहादा. एसटी स्टँडच्या मागे हबीबभाईंचं गॅरेज. जुन्या पेट्रोल गाड्यांचा माणूस म्हणून सगळे त्यांचंच नाव सांगतात. तोंडाचा पट्टा अखंड चालू. टाकीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून दाखवलं, स्वच्छ होतं. बिचारा बाटलीवाला. मग फिल्टर बदलला, प्लग घासले, पॉइंटचं अंतर लावलं, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकले, ठिणगीला करंट देणारी कॉइल गरम होते का ते हात लावून पाहिलं. गाडी घड्याळासारखी चालली. मी म्हटलं, मग बंद का पडते? तर म्हणतात, “गाडी चांगली शे ताई, तुम्हना पायच जड शे.” गॅरेजमधले सगळे खो खो हसले. मीही हसले, पण मनातून चिडले होते. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्यावर? इतकी वर्षं गाडी चालवते आहे मी.

परत येताना अंजनापाशी बंद.

आता हबीबभाईंवर संशय. माणूस एवढा गोड बोलतो तेव्हा काहीतरी मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. अंजनाखाली उभी राहून त्यांना फोनवर मनसोक्त झापलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या खेपेला घेऊन या, मुळापासून बघू.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. पाड्यावर रात्रभर ढोल. गाडीला सुट्टी दिली आणि आज वीरसिंगच्या जीपने मोलगीला गेले. आमच्या रस्त्याला त्याची एकच जीप. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं. मी मांडीवर कोणाची तरी कोंबडी घेऊन बसले होते.

अंजनापाशी वीरसिंगने जीप थांबवली. बिघडली नव्हती, त्याने आपणहून थांबवली. सगळे मुकाट्याने उतरले, टपावरचेसुद्धा. चारी दारं उघडी टाकली आणि सगळी माणसं जीपकडे पाठ करून दरीकडे तोंड करून उभी राहिली. म्हातारे, बाया, पोरं, कोणी बोलेना. मी वळून बघायला लागले तर कमलीबाईंनी माझी मान धरून परत फिरवली. असा राग आला! मग वीरसिंगने हाक दिली, सगळे पुन्हा कोंबले गेले आणि निघालो.

कमलीबाईंना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, या रस्त्याने ज्यांना दवाखान्यात न्यायला निघाले आणि जे पोचले नाहीत, त्यातलं एखादं इथे गाडीत बसतं. दारं उघडायची, पाठ करायची, लाज राखायची, म्हणजे ते उतरतं. उतरू दिलं नाही तर आपल्याबरोबर घरी येतं. नाव घ्यायचं नाही. बस, एवढंच. जसं काही दूध उतू जाऊ नये म्हणून काय करायचं ते सांगत होत्या.

मी म्हटलं, कमलीबाई, तुम्ही लसीचं महत्त्व घरोघर सांगता आणि हे काय? खरी गोष्ट मला कळली आहे. चढावर इंजिन तापतं, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, गाडी दम सोडते. थांबलं की निवतं. पूर्वी कोणालातरी हे कळलं आणि त्याने त्याला देवधर्म चिकटवला. फक्त ही माणसं चुकीचं झाकण उघडतात. दारं कसली उघडता, बॉनेट उघडा!

आणि एक गोष्ट नोंदवून ठेवते. मी बायकांना गाडीतून फुकट नेते, त्याने वीरसिंगच्या जीपच्या सीटा कमी होतात. त्याचं घर माझ्या खोलीच्या वरच्याच अंगाला आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, आज तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

२० मार्च, गुरुवार

विज्ञानाचा विजय. आता अंजनापाशी बंद पडली की मी उतरते, बॉनेट उघडते, पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं ठेवते. थोड्या वेळाने चालू होते. दारं बंदच ठेवते, धूळ येते आत.

रिनाची तपासणी केली. बाळ आडवं आहे. अजून फिरेल, दिवस आहेत, पण नाही फिरलं तर इथे काहीही करता येणार नाही. ऑपरेशनच. तिला एप्रिलच्या मध्यात शहाद्याला नेऊन ठेवायचं ठरवलं. रिनाने विचारलं, गाडी बंद पडणार नाही ना? पोर घाबरलेली आहे. मी म्हटलं, पडू दे तर खरी, कानफटात मारीन तिच्या.

पण आता घराजवळही खोड सुरू झाली. सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. आज प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवून पाहिला, हबीबभाईंनी दाखवलं होतं तसा. कमलीबाईंना सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. करंटच नाही! वायर हलवून पाहिल्या. नाही. मग कमलीबाई उतरल्या, का कोण जाणे, मागचं डावं दार उघडून जरा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. परत सेल्फ मारला तर लखलखीत निळी ठिणगी.

म्हणजे दारातली वायर कुठेतरी लोंबते आहे. नाहीतर कमलीबाईंनाच ती कुठे आहे ते माहीत आहे. त्या माझ्याआधी त्या दाराशी कशाला गेल्या?

२६ मार्च, बुधवार

सापडलं! हबीबभाई, तुमच्या तोंडात साखर पडो.

मी दाराचं सांगितल्यावर त्यांनी डाव्या दाराची वायर शोधली. ती दारात नव्हतीच. ती मागच्या सीटखाली गेली होती. सीट उचकटली तर खाली दोन पत्रे, मध्ये स्पंजाचे तुकडे. कोणी बसलं की वजनाने पत्रे टेकतात आणि कॉइलचा करंट तुटतो. चोर स्वीच! जुन्या गाड्यांना चोरी होऊ नये म्हणून लपवून बटण बसवायचे, ते मला माहीत होतं, पण ते डॅशबोर्डखाली असतं. सीटखाली बसवलेलं हबीबभाईंनीही जन्मात पाहिलं नव्हतं. इंजिन चालू ठेवून ते मागे डावीकडे टेकले. गपकन बंद. उठले, सेल्फ मारला, चालू. पुन्हा बसले. बंद. सगळ्या गॅरेजला खेळ झाला. मलाही हसू आवरेना. किती दिवस मी नळीवर फडकी ठेवत होते!

हबीबभाई म्हणाले, घाटात खड्डे आहेत, गचका बसला की पत्रे टेकत असतील. पटलं. मी म्हटलं, उपटून टाका. ते म्हणाले, जुन्या मालकाला एकदा विचारा, कोणी एवढी मेहनत उगाच घेत नाही. मी म्हटलं, मला बाळंतीण न्यायची आहे, मालकाच्या करामती नकोत. उपटलं त्यांनी. वायर सरळ जोडली.

उमाकांत सरांवर असा संताप आला आहे! विकताना चकार शब्द नाही.

अंजनापाशी गाडी बंद पडली नाही. सुसाट आले.

२७ मार्च, गुरुवार

रात्री झोप लागली आणि मध्येच उडाली, एका साध्या विचाराने.

खड्ड्याच्या गचक्याने पत्रे टेकतील, मान्य. क्षणभर टेकतील आणि सुटतील. पण अंगणात उभी असलेली गाडी? तिथे कसला गचका? करंट नव्हता तेव्हा पत्रे टेकलेले होते. आणि दार उघडल्यावर सुटले.

मागच्या सीटवर मी कधी काहीही ठेवत नाही. लसीचा डबा पुढे, माझ्या शेजारी.

स्पंज जुना होता. दबून राहत असेल. तेच असणार.

३१ मार्च, सोमवार

सरांना फोन लावला, भांडायला म्हणूनच. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “काढी टाकं का?” मी हो म्हटलं.

मग सांगितलं ते असं. ते आमच्याच बाजूच्या शाळेवर होते. घाटातून आजारी माणसं न्यायचे. इथली रीत त्यांनाही थोतांड वाटायची. एकदा ते बसलं आणि सरांनी उतरू दिलं नाही, घरापर्यंत आलं. त्यांच्या पत्नी मागे बसून देवदर्शनाला निघाल्या त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. दार उघडलं तेव्हा नुसत्या बसलेल्या होत्या, अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. म्हणून त्यांनी स्वतः पत्रे बसवले. गाडी बंद पडली की समजायचं, बसलं. उतरायचं, दारं उघडायची, पाठ करायची. पुन्हा चालू झाली की समजायचं, उतरलं. इतकी वर्षं त्या पत्र्यांनी त्यांना सांभाळलं. मला त्यांनी सांगितलं होतं, उतरा, थांबा. त्याहून जास्त सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, असं उलट मलाच विचारलं.

आता तुम्हाला कोण सांगणार ते बसलंय का उतरलंय, असं म्हणाले आणि रडायला लागले.

म्हातारा नाटकी आहे. गाडी परत करीन या भीतीने गोष्ट रचली. पण मग नीट चालणारी गाडी मी परत कशाला करीन? आणि घाबरवायचं असतं तर विकायच्या आधी कशाला लपवायचं? काही जुळत नाही.

हबीबभाईंना पत्रे परत बसवायला सांगावेत का? फोन केला. भंगारात गेले म्हणाले. नवीन करून देतो, पण ईदचे दिवस आहेत, पुढच्या आठवड्यात या.

४ एप्रिल, शुक्रवार

गाडी इतकी छान चालते आहे की भीती वाटते. चोक लागत नाही. सकाळी सेल्फला नुसता हात लावला की चालू.

रिनाला तपासणीला न्यायला गेले. मागचं डावं दार उघडलं, ती बसेना. म्हणाली, उजवीकडून बसते. का, विचारलं, तर आईकडे बघायला लागली. कमलीबाई तर गाडीत बसायलाच तयार नाहीत. तुम्ही घाटात दारं उघडली नाहीत ना सिस्टर, एवढंच म्हणाल्या. मी खोटं बोलले. उघडली म्हटलं.

बाळ अजून आडवंच.

चावी काढली तरी इंजिन चालूच राहिलं. घरघर, घरघर, मग थांबलं. हबीबभाई फोनवर म्हणाले, जुन्या गाडीत होतं असं, आत कोळशी साचते, तापलं की ठिणगीशिवायही पेटतं. असेल. सगळ्याला कारण असतं. माझ्याकडे आता कारणांचा ढीग झाला आहे.

६ एप्रिल, रविवार

सीटवर खळगा आहे. डावीकडे. बसून उठल्यावर राहतो तसा. हाताने थोपटून सपाट केला, दार लावलं, विहिरीवर जाऊन आले.

परत आहे.

ऊबदार नाही. गार आहे. दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीत तेवढीच जागा गार.

अंगणात चारी दारं उघडून पाठ करून उभी राहिले. कोणी पाहिलं असतं तर? किती वेळ उभं राहायचं? उतरलं का? कसं कळणार? पूर्वी सेल्फ मारला की कळलं असतं. मीच उपटून टाकलं. मीच.

कमलीबाई म्हणतात, घराशी उतरत नाही ते, दार उघडलं तर जरा वेळ उठतं आणि परत बसतं. जिथे बसलं तिथेच उतरतं.

८ एप्रिल, मंगळवार

गाडीच्या आरशात बघत नाही आता. आरसा वर फिरवून ठेवला आहे.

वीरसिंगला विचारलं, रिनाला जीपने नेशील का? तो लग्नाचं वऱ्हाड घेऊन गुजरातेत जातो आहे, शनिवारी येईल. मी म्हटलं, शनिवारी नक्की? त्याने माझ्या डोळ्यांत बघून नक्की म्हटलं. आणि मी या माणसावर संशय घेत होते.

शनिवारपर्यंत थांब गं रिना. फक्त शनिवारपर्यंत.

१० एप्रिल, गुरुवार

पाणी गेलं. सकाळीच. कळा सुरू.

बाळ आडवं. अॅम्ब्युलन्सला फोन केला, दुसऱ्या फेरीत आहे, यायला दुपार उलटेल. तेवढा वेळ रिनाकडे नाही. बाळाकडे तर नाहीच.

गाडी. दुसरं काय आहे?

कमलीबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, मी मधे बसते. रिना उजवीकडे, मी मधे. त्याच्या आणि तिच्या मधे.

निघतो आहोत.

१० एप्रिल, घाटात, अंजनापाशी

थांबवली गाडी. मीच थांबवली.

खडकापाशी आलो तेव्हा रिना ओरडली, आई सरक, आई अंगावर येऊ नको. कमलीबाई म्हणाल्या, मी नाही गं. मला ढकलतंय. उजवीकडे ढकलतंय.

ब्रेक मारला. चावी काढून खिशात घातली. इंजिन चालूच आहे. थांबत नाही. घरघर ऐकू येते आहे.

चारी दारं उघडली. सरांनी सांगितलं तसं, सगळ्यांनी सांगितलं तसं. रिनाला धरून उतरवलं, चादरीवर निजवलं. कमलीबाई तिच्या उशाशी. मी दगडावर, दरीकडे तोंड. मागे वळायचं नाही. मान वर करायची नाही. त्या सांगतील तेव्हाच.

डावा हात मागे, रिनाच्या हातात. उजव्याने लिहिते. कळा लिहायलाच वही काढली होती. लिहिलं नाही तर मागे बघेन.

ऊन आहे. लख्ख दुपार. आणि मी नर्स आहे, आणि मला

सीटच्या स्प्रिंगचा आवाज झाला. वजन उठल्यावर होतो तसा.

उतर बाई. बाप्या असशील तर उतर बाबा. तुला नेता आलं नाही कोणाला, माहीत आहे. हिला नेऊ दे. मी चुकले. तुला दार उघडलं नाही, बॉनेट उघडत बसले. उतर.

इंजिन बंद झालं. आपोआप.

उतरलं! उतरलं वाटतं. रिनाने हात घट्ट धरला आहे. बस, आता एवढी कमलीबाईंची हाक

हाक आली. पण गाडीतून. सिस्टर, चला लवकर, म्हणताहेत, रिनाला आत बसवलं, तुम्हीच राहिल्या. रिना कण्हते आहे. तीही गाडीतूनच. केव्हा उठल्या या दोघी? गाडी रिकामी झाली म्हणून बसल्या. बरोबर केलं. रिना गाडीत आहे, सुखरूप आहे.

मग हा हात

चालवणारी मी एकटीच. उठायला पाहिजे. कमलीबाई परत हाक मारताहेत, सिस्टर, तिथे कोणापाशी बसलात

बोटं मनगटावर गेली, सवयीने. नाडी नाही. गार.

सोडवते आहे. सुटत नाही. सैल झाला की काय, नाही, फिरला. आता त्याची बोटं माझ्या मनगटावर आहेत. नाडी बघताहेत. मी बघते तशी, अंगठ्याच्या मुळाशी, हळूच दाबून

रिना, कळ आली तर जोर लावू नकोस, मी आलेच, मी